रोशाच्या तेलाची कुंडली

सुगंधी तेलांच्या बाजारात हल्ली एक वाक्य वेदवाक्यासारखे फिरते: 'जीसी-एमएस केलेले आहे, म्हणजे तेल शुद्ध आहे.' बाटलीबरोबर छापील तक्ता मिळतो. त्यात चाळीस-पन्नास रसायनांची नावे, प्रत्येकासमोर टक्केवारी आणि तळाशी 100 च्या जवळ जाणारी बेरीज. पत्रिका जुळली, आता आणखी काय पाहायचे, अशा थाटात तो पुढे केला जातो. घेणाराही पहिल्या ओळीतला मोठा आकडा वाचतो आणि पैसे मोजतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो मूर्खपणाचा नाही. जेम्स आणि मार्टिन यांनी 1952 मध्ये वायू-द्रव क्रोमॅटोग्राफी (जीसी) पुढे आणली. त्याआधी तेलाची पारख म्हणजे घनता, अपवर्तनांक, अल्कोहोलमधली विद्राव्यता आणि अत्तरवाल्याचे नाक. ही सगळी मापे अख्ख्या मिश्रणाची होती. त्यात काय काय दडले आहे ते कळत नसे. क्रोमॅटोग्राफीने ते मिश्रण कॉलम नावाच्या लांब नळीत सुटे केले आणि वस्तुमान-वर्णपटाने (एमएस) प्रत्येक तुकड्याची ओळख पटवायला सुरुवात केली. जी गोष्ट घटकांपर्यंत पोचते तिच्या निकालावर विश्वास का ठेवू नये? रास्त प्रश्न आहे.

माझा आक्षेप यंत्रावर नाही, त्याच्या तक्त्याला शुद्धतेचे लक्षण ठरवण्यावर आहे. आपल्या नैयायिकांनी लक्षणाचे दोष सांगून ठेवले आहेत. जे लक्षण लक्ष्याबाहेरही लागू पडते त्यात अतिव्याप्ती, जे लक्ष्यातल्याच काहींना वगळते त्यात अव्याप्ती. या तक्त्यात दोन्ही दोष आहेत. ते दाखवायला लॅव्हेंडरच्या शेतांपर्यंत जायला नको, आपल्या खानदेशातले रोशा गवत पुरे.

रोशाच्या तेलात जिरॅनिऑल साधारण तीन-चतुर्थांशाहून अधिक असते. बाकी जिरॅनिल अ‍ॅसिटेट, थोडे लिनॅलूल, ओसिमीन, कॅरिओफायलीन. जिरॅनिऑलला गुलाबाच्या जातीचा वास, म्हणून एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई. तिथून ते 'तुर्की जिरॅनियम तेल' या नावाने बल्गेरियातल्या गुलाबतेलात मिसळले जाई. कधी तर भट्टीत घालण्याआधी फुलांवरच शिंपडत. जिरॅनियमशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. गंमत अशी, की ऑस्कर जेकबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1871 मध्ये जिरॅनिऑल प्रथम शुद्ध रूपात वेगळे केले ते भारतातून आलेल्या गवताच्या तेलातूनच. जिरॅनियम या फुलझाडाचे नाव आपल्या गवतातल्या रेणूला चिकटले आणि आजतागायत सुटलेले नाही.

आता अव्याप्ती. रोशाचे दोन प्रकार: मोतिया आणि सोफिया. दिसायला इतके सारखे, की नुसत्या वाळलेल्या नमुन्यावरून भल्याभल्यांना भेद करता येत नाही. मोतिया कोरड्या डोंगरउतारावर विरळ वाढतो, सोफिया ओलसर जागी दाट. मोतियाचे तेल जिरॅनिऑलने भरलेले. सोफियात ते बरेच कमी आणि लिमोनीन, पेरिलिल अल्कोहोल वगैरे मंडळी जास्त. दोन्ही निखळ गवताची, दोन्ही निर्भेळ. तरी मोतियाच्या मापाने मोजले तर प्रामाणिक सोफिया नापास होतो. ऑटो स्टाप्फ यांनी 1906 मध्ये क्यूच्या वनस्पतिउद्यानातून भारत आणि सिलोनमधल्या तेलगवतांची वर्गवारी लावली, तोवर ही गवते एकमेकांच्या नावाने वावरत होती. तसाच सब्जा घ्या: एका वाणात लिनॅलूल मुख्य, दुसऱ्यात मिथाइल चॅव्हिकॉल, तिसऱ्यात मिथाइल सिनामेट. 'सब्जाच्या तेलाचे रासायनिक संघटन' या शब्दप्रयोगातला एकेरीपणाच चुकीचा आहे.

शिवाय तक्ता झाडाचा नसतोच, तो भांड्यातून आलेल्या द्रवाचा असतो. कॅमोमाइलचे निळे तेल सर्वांना ठाऊक, पण फुलात निळे काही नाही. मॅट्रिसिन नावाचा रंगहीन पदार्थ वाफेत मोडतो आणि कॅमॅझुलीन जन्मते. गुलाबाचे तर त्याहून नवल. द्रावकाने काढलेल्या अर्कात फेनिलएथिल अल्कोहोल निम्म्याहून अधिक असते. भट्टीच्या तेलात ते जेमतेम दोन-तीन टक्के, कारण पाण्यात विरघळून ते गुलाबपाण्यात निघून जाते. फूल तेच. मग 'गुलाबाचे' संघटन कोणते म्हणायचे?

अतिव्याप्ती मात्र अधिक घातक. बाजार रोशाच्या तेलाचा भाव जिरॅनिऑलवर ठरवतो, आणि त्यात गैर काही नाही. पण कारखान्यातले स्वस्त जिरॅनिऑल ओतले की तक्ता बिघडत नाही, सुधारतो! ज्या परीक्षेत कॉपी करणाऱ्याला जास्त गुण पडतात ती परीक्षा कसली? यंत्राच्या आलेखात प्रत्येक घटकाचे एक शिखर उमटते; जाणता विश्लेषक इथे मोठे शिखर सोडून लहान शिखरे पाहतो. सिट्रालपासून बनवलेल्या जिरॅनिऑलबरोबर नेरॉल येते, ते जुळे भावंडच. रोशात ते अत्यल्प. नेरॉल वर गेले आणि जिरॅनिल अ‍ॅसिटेट, ओसिमीन प्रमाणात खाली आले, की पाणी मुरतेय. ही माहिती तक्त्यातच असते, पण पहिल्या ओळीत नसते.

त्या ओळींतली नावे तरी खरी असतात का? एकेरी टर्पीन कुळातल्या कितीतरी रेणूंचे सूत्र एकच, वस्तुमान 136, आणि फुटल्यावर बहुतेकांचा ठळक तुकडा 93 चा. सख्ख्या बहिणींच्या अंगठ्याच्या ठशांत भेद असतो. इथे ठसेही जवळजवळ सारखे. संगणकातली वर्णपटांची लायब्ररी 'ओळख पटत नाही' असे सहसा म्हणत नाही, जवळचे नाव पुढे करते. म्हणून एर्विन कोवाट्स यांनी 1958 मध्ये दिलेला धारणांक हवा: सरळ साखळीच्या अल्केनांच्या पट्टीवर तो पदार्थ कितव्या स्थानी बाहेर पडला त्याचा आकडा. अध्रुवीय कॉलमवर जिरॅनिऑल सुमारे 1250 वर येते. वर्णपट आणि धारणांक हे दोन साक्षीदार एकमुखाने बोलले तर नाव मान्य. धारणांकाचा रकानाच नसलेले तक्ते मी किती पाहिले याची मोजदाद ठेवलेली नाही. ठेवली असती तर मनस्ताप वाढला असता.

दोन्ही साक्षीदारांना न दिसणारेही एक अंतर आहे, आरशातल्या प्रतिमेचे. बाळंतशोपेतले कार्व्होन आणि स्पिअरमिंट पुदिन्यातले कार्व्होन एकमेकांची आरशातली रूपे. नाकाला फरक तत्काळ कळतो. साध्या कॉलमला आणि वर्णपटाला मुळीच नाही. त्यासाठी कायरल कॉलम लागतो. लॅव्हेंडरमधले लिनॅलिल अ‍ॅसिटेट जवळजवळ एकाच बाजूचे असते, कारखान्यातले दोन्ही बाजूंचे निम्मे-निम्मे. तिथे चोरी या कॉलमवर सापडते. जिरॅनिऑलला मात्र डावे-उजवे नाहीच. म्हणजे गुलाबतेलात रोशाचे जिरॅनिऑल घातले, तर रेणूपुरता काही फरक उरत नाही.

तरीही ते पकडता येते, आणि पकडणारा धागा शेतात आहे. रोशा हे ज्वारी, मका, ऊस यांच्या पंगतीतले, सी-4 पद्धतीने कार्बन घेणारे गवत. गुलाब सी-3 पद्धतीचा. हवेतल्या कार्बनमध्ये जड कार्बन-13 सुमारे 1.1 टक्का, सी-3 झाडे त्याला जास्त टाळतात, सी-4 कमी. म्हणून रोशाच्या जिरॅनिऑलमध्ये जड कार्बन गुलाबाच्या मानाने किंचित जास्त राहतो. प्रत्येक शिखर जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड करायचा आणि समस्थानिकांचे गुणोत्तर मोजायचे, की दीडशे वर्षांपूर्वीची तुर्की युक्ती उघडी पडते. नेहमीच्या जीसी-एमएसवर हे दिसत नाही. त्याला वेगळे यंत्र लागते.

'मग कोणावरच विश्वास ठेवायचा नाही का?' असे कोणी विचारील. ठेवायचा, पण साक्ष कशाबद्दल आहे ते पाहून. झाडाचा वाण, कापणीची वेळ, भट्टीची तऱ्हा, धारणांक, गरज असेल तिथे कायरल कॉलम: एवढे सोबत असेल तर तक्ता मोलाचा. एकटा असेल तर ती बाटलीतल्या उडणाऱ्या भागाची यादी आहे, बस. 'उडणाऱ्या' हा शब्द मुद्दाम वापरला. तळाची 100 ही बेरीज यंत्रातून बाहेर पडलेल्या शिखरांच्या क्षेत्रफळांची असते, बाटलीतल्या मालाची नव्हे. भेसळीचे शेंगतेल उडत नाही. ते इंजेक्टरच्या काचनळीतच बसून राहते आणि बेरीज तरीही 100 येते.

तेव्हा रोशाचे तेल घेणाऱ्याने तक्ता बाजूला ठेवून आधी दोन जुन्या गोष्टी कराव्यात. सत्तर टक्के अल्कोहोलच्या तिप्पट मापात तेल घालून हलवावे. चांगले तेल स्वच्छ विरघळते, शेंगतेल मिसळलेले गढूळ होते. मग एक थेंब गाळणकागदावर टाकून कागद उबदार जागी दोन दिवस ठेवावा. तिसऱ्या दिवशीही तेलकट, आरपार दिसणारा डाग टिकून असेल तर बाटली परत करावी, तक्त्यात जिरॅनिऑल 82 टक्के छापलेले असले तरी.