लस आईला, जीव पिल्लाचा

परवा पाळीव हंसांच्या लसीकरणाबद्दल वाचायला घेतलं आणि रविवारची अख्खी सकाळ त्यात गेली. म्हटलं, लिहूनच टाकू.

आपल्याकडे हंस म्हणजे सरस्वतीचं वाहन. चीन आणि हंगेरीत मात्र मांस-पिसांसाठी त्याचे कळपच्या कळप पाळतात. १९५६ साली चीनच्या जिआंगसू प्रांतात, यांगझोऊ भागात, हंसाची पिल्लं पटापट मरायला लागली. मोठे हंस मात्र ठणठणीत! फांग डिंगयी या पशुवैद्यकाने त्यामागचा विषाणू शोधून काढला. हा पार्व्होव्हायरस आठवड्याच्या आतल्या पिल्लांमध्ये शिरला तर अख्खी वीण साफ होऊ शकते. तेच पिल्लू महिना-सव्वा महिन्याचं झालं की त्याला फारसा धोका उरत नाही.

आता प्रॉब्लेम बघा. लस टोचली तरी शरीराला प्रतिपिंडं (अँटीबॉडीज हो!) तयार करायला वेळ लागतो, आणि पिल्लाकडे तेवढे दिवसच नाहीत. मग लस द्यायची कुणाला?

आईला! मादी अंडी घालायच्या आधी तिला लस द्यायची. तिच्या रक्तातली प्रतिपिंडं अंड्याच्या बलकात उतरतात आणि पिल्लू शिदोरी घेऊनच कवच फोडतं. ही शिदोरी काही आठवड्यांत संपते, पण तोवर सगळ्यात वाईट दिवस मागे पडलेले असतात. फांग यांनी १९६० च्या दशकात अशी लस तयार केली. आई लस न घेतलेली असेल, तर पिल्लाला तयार प्रतिपिंडांचं सीरम टोचायचं, हाही उपाय होता.

खरी गोष्ट इथे सुरू होते. त्याच दशकात युरोपातही पिल्लं मरत होती. तिथे कुणी या रोगाला हंसांचा फ्लू म्हणत होतं, तर कुणी कावीळ. १९६७ साली हंगेरीच्या डोमोकोश डेर्झी यांनी त्याचं नीट वर्णन केलं आणि पुढे जगभर नाव रूढ झालं ते 'डेर्झी रोग'. फांग यांचं नाव मात्र त्यात कुठेच आलं नाही!

यात डेर्झींची काही चूक नाही. त्यांचं काम स्वतंत्र आणि चोख होतं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर बग आधीच नोंदवला गेला होता, त्यावर फिक्सही तयार होता, फक्त तो ट्रॅकर बाकीच्या जगाला दिसतच नव्हता. शीतयुद्धाचे दिवस, त्यात १९६६ पासून चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीचा गोंधळ.

नावाचं श्रेय कुणाला मिळालं, याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते हंस पाळणाऱ्या त्या युरोपातल्या शेतकऱ्यांचं. ते रोज सकाळी मेलेली पिल्लं उचलत होते आणि उत्तर चीनमध्ये कागदावर लिहून तयार होतं.

असो. पुढच्या वेळी डॉक्युमेंटेशनचा कंटाळा आला की मला हे हंस आठवतील.