‘उपजत दुष्ट’ या शिक्क्याचा इतिहास



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने मानसशास्त्राच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. गिरणीतल्या आरोपपत्रात कृत्य लिहावे लागते, तारीख आणि साक्षीदार द्यावे लागतात. ‘हा इसम मुळातच वाईट’ एवढे लिहून चौकशी टिकत नाही. परंतु ज्याला ‘सायकोपॅथ’ म्हणतात, त्याच्या बाबतीत समाज नेमका हाच निवाडा देतो. ज्याच्या ठायी भीती, दया आणि पश्चात्ताप उणे, तो खुनी असलाच पाहिजे, असे आपण धरून चालतो. ही समजूत आली कोठून?

फ्रान्समधील वैद्य फिलिप पिनेल याने १८०१ साली आपल्या ग्रंथात एका जमीनदाराची हकिकत दिली. बुद्धी शाबूत, भ्रम नाही. पण संतापाच्या भरात त्याने एका बाईला विहिरीत ढकलले. या अवस्थेला पिनेलने ‘भ्रमाविना वेड’ म्हटले. मात्र आईने या एकुलत्या एक मुलाचे फाजील लाड केले होते, हेही तो नोंदवायला विसरला नाही. आरंभीच्या त्या वैद्याला माणसाबरोबर त्याची परिस्थितीही दिसत होती.

पुढे नजर बदलली. इंग्लंडमधील प्रिचर्डने १८३५ साली जो शब्द वापरला, त्याचा त्या काळचा रोख भावनांच्या बिघाडाकडे होता. लोकांनी त्यात अनीती वाचली. १८७६ साली इटलीतील लोंब्रोसो जबडा, कान आणि कवटी यांवरून गुन्हेगार ओळखू लागला. १८९१ साली जर्मन वैद्य कोख याने ‘सायकोपॅथिक’ या शब्दाला ‘हीनता’ जोडली. चार्ल्स गोरिंगने इंग्लंडमधील सुमारे ३,००० कैद्यांची मापे तपासून १९१३ साली दाखवून दिले की, गुन्हेगाराची अशी निराळी शरीरजात नसते. मापे खोटी ठरली, तरी समजूत उरलीच.

जन्मावरून माणूस ठरविण्याची ही खोड आपल्याकडे कायद्यातच शिरली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर शिक्का मारला. तेथे कोणाच्या मनाची तपासणीही झाली नव्हती. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातून गिरणीत राबायला जाणाऱ्या माणसाला हजेरीच्या पटावर नाव मिळे, पण कायद्याच्या लेखी तो जन्माने चोरच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. संशय मात्र लगेच गेला नाही.

आता आजचे शास्त्र काय सांगते ते पाहा. अमेरिकन मनोवैद्य क्लेक्ली याने १९४१ च्या आपल्या ग्रंथात अशा स्वभावाचा व्यापारी, शास्त्रज्ञ, एवढेच नव्हे तर मनोवैद्यही रंगविला आहे. रॉबर्ट हेअर याच्या १९९१ च्या तपासणीपत्रिकेत २० कलमे आणि ४० गुण आहेत. अमेरिकेत ३० ची रेघ धरतात. म्हणजे हे गुण कमीअधिक प्रमाणात असतात. २९ गुणांचा देव आणि ३० चा राक्षस, असे कसे म्हणावे?

आणि सुधारणेची दारे बंद नाहीत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मेंडोटा येथे १९९५ साली अत्यंत उग्र तरुण कैद्यांसाठी उपचारकेंद्र निघाले. चांगल्या वागण्याचे फळ तेथे रोजच्या रोज हाती पडे. पुढे अभ्यासात असे आढळले की, ज्यांच्यात ही लक्षणे ठळक होती, अशांमध्येही तेथे उपचार घेतलेल्यांकडून सुटकेनंतर हिंसेचे गुन्हे बरेच कमी घडले.

कोणी म्हणेल, मग ज्याचा जीव गेला त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. कृत्याला शिक्षा व्हावी, समाजाचे रक्षण व्हावे. त्यात सूट मागणारा मी नव्हे. परंतु ज्याने काही केलेच नाही, त्याला केवळ स्वभावापायी वाळीत टाकू नये. आणि ज्याने केले, त्याच्यावरचे उपचार ‘हा सुधारायचा नाही’ म्हणून बंद करू नयेत. आरोपपत्राचा जो नियम गिरणीत, तोच येथेही लागू करा: काय केले ते लिहा, आणि त्याचाच न्याय करा.