पत्र्याच्या डब्यासारखा ड्रम आणि गायब झालेला बेस: मेटलचे चाहते काही अल्बमांवरून अजून का भांडतात?

मेटल ऐकणारे दोन जण एकत्र बसले आणि मेटॅलिकाचा विषय निघाला, की थोड्या वेळाने गाडी ‘सेंट अँगर’वर येतेच. एक जण टेबलावर स्टीलचा डबा वाजवून दाखवतो, दुसरा हसतो. तिसरा कोणी असेल तर तो म्हणतो, “अरे, पण इतकाही वाईट नाहीये तो.” झालं, पुढचा तासभर बाकी कुठला विषय नाही.

हा अल्बम आला जून २००३ मध्ये. वीस वर्षं उलटून गेली, पण त्याच्यावरचा राग काही ओसरला नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, नसेल आवडत तर ऐकू नका, त्यात एवढं काय? पण या भांडणांमध्ये नीट डोकावलं की एक गोष्ट दिसते. मेटलच्या चाहत्यांची तक्रार “मजा नाही आली” इतकी मोघम क्वचितच असते. अमुक ड्रमची तार सैल होती, तमुक गिटार ऐकूच येत नाही, आवाज फाटलाय, अशी ती नेमकी असते. आणि त्या नेमक्या तक्रारीचा धागा धरून मागे गेलं, की बऱ्याचदा आत काहीतरी मोडलेला बँड सापडतो.

आधी तो डबा काय आहे ते बघू.

ड्रम सेटमधला जो ड्रम ‘कडाड्’ असा वाजतो, त्याला स्नेअर म्हणतात. त्याच्या खालच्या बाजूला बारीक तारा ताणून बसवलेल्या असतात, तो कडकडाट त्यांच्यामुळे येतो. एक खटका सरकवला की या तारा ड्रमपासून सुटतात आणि मग उरतो तो ‘टण्ण’ असा पोकळ आवाज. ‘सेंट अँगर’मध्ये लार्स उलरिकने तारा सोडलेल्या ठेवल्या. त्याच्या सांगण्यानुसार एकदा तो तारा लावायला विसरला आणि जे ऐकू आलं ते त्याला आवडलं! अल्बम ७५ मिनिटांचा. त्यात एकही गिटार सोलो नाही. म्हणजे सव्वा तास तो ‘टण्ण’ आणि त्यातून सुटका नाही.

पण हा अल्बम बनला कसा, ते बघा. जानेवारी २००१ मध्ये बेस वाजवणारा जेसन न्यूस्टेड चौदा वर्षांनी बँड सोडून गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये गायक जेम्स हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला आणि काम महिनोन्‌महिने ठप्प झालं. परत आल्यावर त्याला रोज दुपारी १२ ते ४ इतकाच वेळ काम करायची मुभा होती. बँडमधली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, म्हणून पगारी थेरपिस्ट आणून बसवला होता. बेस वाजवायला कोणी नाही, तर निर्माता बॉब रॉकनेच तो वाजवला. हे सगळं कॅमेऱ्यात टिपलं गेलं आणि २००४ मध्ये ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ या माहितीपटात जगासमोर आलं. अनेकांचं मत असं, की माहितीपट अल्बमपेक्षा कितीतरी सरस आहे. मीही त्यातलाच.

गंमत म्हणजे हा ‘फसलेला’ अल्बम अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याच्या शीर्षकगीताला ग्रॅमीही मिळाली. चाहत्यांनी तो विकत घेतला होता, राग त्याचाच तर होता. २०१५ मध्ये काही जणांनी अख्खा अल्बम स्वतः नव्याने वाजवून, ‘नीट’ स्नेअर लावून इंटरनेटवर टाकला. नावडत्या गोष्टीवर एवढी मेहनत कोण घेतं?

पैसे दिले, आता ऐकावंच लागेल

आज महिन्याचे पैसे भरले की हवं ते ऐकता येतं. नाही आवडलं, पुढचं गाणं. पण मेटलचं हे भांडण ज्या काळात रुजलं, तेव्हा अल्बम न ऐकता विकत घ्यावा लागे. एखादं गाणं टीव्हीवर लागलेलं, मासिकातलं परीक्षण आणि वरचं चित्र, इतक्या भांडवलावर निर्णय. एकदा सील फोडलं की दुकानदार परत घेत नसे. आपल्याकडे तर आणखी बिकट. मुंबईतल्या काळा घोड्याच्या रिदम हाऊससारखी (तेही २०१६ मध्ये बंद झालं) मोजकी दुकानं, आणि बाकी सगळं मित्राच्या मित्राकडून भरून आणलेल्या कॅसेटवर.

याचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. पैसे घातलेत म्हणून माणूस तोच अल्बम दहा वेळा ऐकायचा. त्यातले काही सातव्या-आठव्या वेळेला आवडू लागत. जे दहाव्या वेळीही आवडले नाहीत, त्यांच्यातली खोट मात्र तोंडपाठ होई. म्हणून त्या पिढीची तक्रार इतकी बारकाईची असते. त्यात मेटल म्हणजे नुसतं संगीत नाही, अंगात घालायचा टी-शर्टही आहे. आवडता बँड फसला की आपलंच नाक कापल्यासारखं वाटतं.

बेस गेला कुठे?

‘सेंट अँगर’बद्दल निदान बहुमत तरी आहे. खरी जुंपते ती १९८८ च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’वरून, कारण हा अल्बम एकाच वेळी अभिजात मानला जातो आणि सदोषही.

२७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये मेटॅलिकाची बस उलटली आणि बेस वाजवणारा क्लिफ बर्टन जागीच गेला. वय अवघं २४. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा हा पहिला पूर्ण अल्बम. गाणी लांबलचक, गुंतागुंतीची. ‘वन’ तर आजही त्यांच्या मैफलीतलं हुकमी गाणं आहे. फक्त बेस ऐकू येत नाही. कमी नाही, जवळजवळ नाहीच.

कारणं बरीच सांगितली जातात. जेसनने आपला भाग बाकीच्यांशिवाय, फक्त इंजिनीअरसोबत बसून वाजवला होता. त्याची बेसची लय गिटारच्या लयीला तंतोतंत चिकटून जात होती, त्यामुळे दोन्ही आवाज एकाच जागेसाठी भांडत होते. सततच्या दौऱ्यांनी कान थकले होते, असंही बँडने सांगितलंय. पण अल्बमचं मिक्सिंग करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसनने मुलाखतींत स्पष्ट सांगितलं, की बेस खाली घ्या हा आदेश लार्सचा होता. मित्राच्या मृत्यूचा राग नव्या पोरावर निघाला, असं बहुतेक चाहते मानतात. मला हे पटतं, कारण नव्या जेसनला बँडमध्ये दिलेल्या त्रासाची कबुली पुढे त्यांनीच दिली.

चाहत्यांनी याही अल्बमच्या बेस वाढवलेल्या आवृत्त्या घरबसल्या तयार केल्या आणि त्यांना ‘अँड जस्टिस फॉर जेसन’ असं नाव दिलं! २०१८ मध्ये अधिकृत नवी आवृत्ती आली, तेव्हा बेस वर येईल अशी आशा होती. आला नाही. जे घडलं ते तसंच राहू द्यावं, ही बँडची भूमिका. निम्म्या चाहत्यांना ती पटते, कारण तो कोरडा, हाडं मोजता येतील असा आवाज हीच या अल्बमची ओळख. उरलेल्या निम्म्यांना तो एका वादकावरचा अन्याय वाटतो. नावात ‘जस्टिस’ असलेल्या अल्बमवर!

(जाता जाता: १९८९ मध्ये ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला. सगळ्यांना वाटलं ‘जस्टिस’लाच मिळणार. मिळाला बासरी वाजवणाऱ्या गायकाच्या जेथ्रो टल या बँडला. त्यावर मेटॅलिकाने अल्बमवर ‘ग्रॅमी हरलेले’ अशा अर्थाचा स्टिकर चिकटवला होता.)

२००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ची तक्रार आणखी तांत्रिक. गाणी चांगली, सोलो परत आले, सगळे खूश. पण आवाज इतका चढवलेला की वरातीतल्या डीजेचा स्पीकर फाटतो तसा चरचरतो. लहान आवाज आणि मोठा आवाज यातला फरकच दाबून टाकलेला. हे उघडकीला आलं एका व्हिडिओ गेममुळे. ‘गिटार हिरो’साठी तीच गाणी वेगळी दिली होती आणि ती स्वच्छ वाजत होती. मग काय, पैसे मोजून सीडी घेणाऱ्यांपेक्षा गेम खेळणाऱ्यांना चांगला आवाज मिळाला म्हणून दहा हजारांहून जास्त जणांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या.

केस कापले म्हणून

दुसरा मोठा गट म्हणजे ‘बँडने वाट बदलली’ या रागाचा. इथे तांत्रिक खोट नसते, घाव विश्वासावर असतो. १९९१ चा काळ्या मुखपृष्ठाचा ‘मेटॅलिका’ अमेरिकेत १ कोटी ६० लाखांहून अधिक खपला. कित्येकांसाठी मेटलचा दरवाजा तोच, आणि जुन्यांसाठी तिथूनच घसरण सुरू. १९९६ ला ‘लोड’ आला तेव्हा चौघांनी केस कापले होते. यावरून जो गहजब झाला तो संगीतावरून झाला त्यापेक्षा कमी नव्हता.

मेगाडेथच्या ‘रिस्क’ची (१९९९) कहाणी तर जवळजवळ विनोदी. थोडी जोखीम घ्यायला हवी, असं लार्स उलरिक म्हणाल्याचं डेव्ह मस्टेनच्या कानावर आलं आणि अल्बमचं नावच ते पडलं. जोखीम अंगाशी आली. पुढच्याच वर्षी गिटारवादक मार्टी फ्रीडमन बँडबाहेर होता.

स्वित्झर्लंडच्या सेल्टिक फ्रॉस्टने १९८८ मध्ये ‘कोल्ड लेक’साठी केस फुगवून चकचकीत ग्लॅम रूप घेतलं. त्यांच्या आधीच्या अंधाऱ्या संगीतातून पुढे ब्लॅक मेटल, डेथ मेटल उभं राहिलं होतं, त्यामुळे धक्का जबर बसला. टॉम वॉरियरने स्वतःच हा अल्बम नाकारला. २०१७ मध्ये जुने अल्बम नव्याने निघाले, त्यात तो ठेवलाच नाही.

भारताशी संबंध जुळतो तो ‘लुलू’चा. ३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजली. दोन दिवस आधीचा गुरुग्रामचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द होऊन तिथे तोडफोड झाली होती. बंगळुरूत मुंबई-पुण्याहून ट्रेन-बस पकडून गेलेली पोरं आयुष्यभराचं स्वप्न जगत होती, आणि दुसऱ्याच दिवशी युरोपात लू रीडसोबतचा ‘लुलू’ बाजारात आला. जर्मन नाटकांवर बेतलेला, गाण्यापेक्षा बोलणंच जास्त. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात जेमतेम १३ हजार प्रती खपल्या. ‘डेथ मॅग्नेटिक’ तीन दिवसांत ४ लाख ९० हजार खपला होता.

मत बदलतं का?

कधीकधी. आयर्न मेडनच्या ‘द एक्स फॅक्टर’ला (१९९५) तेव्हा थंड प्रतिसाद मिळाला. ब्रूस डिकिन्सन गेलेला, नवा गायक ब्लेझ बेली खालच्या पट्टीतला, आणि स्टीव्ह हॅरिसचं लग्न मोडत असल्याने गाणी उदास. आज तीच उदासी आवडणारा मोठा वर्ग आहे. २०१८ च्या दौऱ्यात खुद्द डिकिन्सनने त्यातलं ‘साइन ऑफ द क्रॉस’ गायलं. मात्र १९९८ च्या ‘व्हर्च्युअल इलेव्हन’मधलं जवळपास दहा मिनिटांचं, एकच ओळ घोटत राहणारं ‘द एंजल अँड द गँबलर’ अजूनही कोणी सोडवायला आलेलं नाही.

आणि ब्लॅक सबाथचा ‘फॉरबिडन’ (१९९५). निर्माता बाहेरचा, बॉडी काउंट बँडचा अर्नी सी. एका गाण्यात रॅपर आइस-टी. आवाज पातळ. टोनी आयोमी स्वतःच त्यावर नाराज होता. मे २०२४ मध्ये, २९ वर्षांनी, त्याने तो स्वतः पुन्हा मिक्स करून संचात दिला. गाणी तीच, वाजवणारे तेच, टोनी मार्टिनचा गळाही तोच. हेडफोन लावा आणि जुनं-नवं ‘गेट अ ग्रिप’ पाठोपाठ ऐका. यावरही भांडण सुरू झालंच आहे: काहींना जुनंच बरं वाटतं.