प्लेगच्या सालची काळजी



काळजी ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे आपण समजतो. पण संकट एकच असले तरी पेढीवरच्या शेटजीची काळजी निराळी, डॉक्टरची निराळी आणि साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराची निराळी असते. तिच्यावरचे उपायही मग निराळे होतात. ह्याचा दाखला म्हणून १८९६ सालचा मुंबईचा प्लेग आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी मांडवीत गाठीचा प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे गोदी आणि धान्याच्या वखारी. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सीमों ह्या फ्रेंच संशोधकाने पुढे १८९८ साली दाखवून दिले. तोपर्यंत शत्रू कोण हेच कोणाला ठाऊक नव्हते. आणि ज्याचे तोंड दिसत नाही त्या शत्रूची धास्ती सर्वांत मोठी.

सरकारला काळजी होती व्यापाराची. परदेशी बंदरे मुंबईच्या मालाला बंद होतील, ह्या धास्तीने घरांच्या झडत्या सुरू झाल्या. रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या माणसांना छावणीत नेऊ लागले. फेब्रुवारी १८९७ मध्ये त्यासाठी साथीच्या रोगांचा कायदाही झाला.

कामगाराला काळजी होती ती ताटातुटीची. इस्पितळात रोग्यांना मारून त्यांची मोमियाई काढतात, अशी आवई उठली, आणि ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. हे अडाणी लोक, असे म्हणून पुष्कळांनी हात झटकले. परंतु ह्याच मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली इस्पितळे काढली, नातलगांना रोग्यापाशी बसू दिले, तेव्हा लोक तेथे आपण होऊन गेले. औषधाला त्यांचा विरोध नव्हता. परक्या हाती, एकट्याने मरावे लागेल, ह्याचे त्यांना भय होते. भीतीला अज्ञान म्हणणे सोपे असते. तिचे कारण विचारणे अवघड.

गिरणीतल्या माणसाच्या मागे आणखी एक काळजी होती, आणि ती इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येते. त्या काळी पगार महिन्याचा आणि तोही आठवडेच्या आठवडे तटवून ठेवलेला असे. राहावे तर प्लेग, गावी जावे तर घामाचा पैसा मालकाकडे अडकलेला! तरीही लाखो लोक शहर सोडून गेले. कोकणातला माणूस कोकणात गेला, घाटावरचा घाटावर. मग काळजीने घर बदलले, ती मालकाच्या दारी गेली. साचे थांबू लागले, तेव्हा गिरणीवाले रस्त्याच्या नाक्यावर उभे राहून कामगारांसाठी चढाओढीने बोली करू लागले. जो रोजचा पगार रोज देईल त्याच्याकडेच कामगार जाऊ लागला. सोसलेली काळजी अशी मागणी होऊन बाहेर पडली.

काही माणसांनी आपल्या काळजीवर दुसऱ्याची काळजी वाहून उतारा शोधला. लशीविषयी लोकांना धास्ती होती, डॉ. हाफकिन ह्यांनी जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे फेब्रुवारीत मुंबईतच प्लेगने गेले. पुण्याजवळ मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले ह्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. ह्या माणसांना भय वाटत नसेल, असे मी म्हणणार नाही. भय वाटत असूनही ती जागची हलली नाहीत, एवढेच.

आणि तटवलेल्या पगाराचे काय झाले? साथ ओसरली तशी रोजच्या पगाराची रीत मागे पडली. महिना संपल्यावर सात किंवा दहा दिवसांच्या आत पगार दिलाच पाहिजे, असे बंधन यायला १९३६ चा वेतन प्रदान कायदा व्हावा लागला. नाक्यावर एकेकट्याने केलेला सौदा साथीबरोबर गेला. कायद्यात उतरला तो टिकला.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत १८९७ चा तोच कायदा पुन्हा लागू झाला, आणि हजारो माणसे मुंबईहून पायी गावाकडे निघाली. ह्यांना घरात बसायला काय होते, असे तेव्हाही विचारले गेले. मी गेटावरचा माणूस. मला त्यांच्या तोंडून ऐकू आला तो एकच प्रश्न : राहिलेला पगार कोण देणार?

म्हणून माझे सांगणे एवढेच की, घाबरलेल्या माणसाला प्रथम धीराचा उपदेश करू नये. त्याचे काय अडकले आहे ते विचारावे. अडकलेले सोडवायला चार हात लागले की धीर आपोआप येतो.