दहा मेगाबाइटांचे दफ्तर

इ. स. १९८३ च्या मार्च महिन्यात आयबीएम कंपनीने पीसी-एक्सटी हा संगणक बाजारात आणला, तेव्हा सुमारे पाच हजार डॉलरांची ती किंमत ज्या गृहस्थास परवडली, त्याच्या मेजावर दहा मेगाबाइटांच्या हार्ड डिस्कसोबत दफ्तरदारीचे कामही अनायासे येऊन पडले. सोबतच्या डॉस २.० ने युनिक्सच्या धर्तीवर डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी ठेवण्याची सोय करून दिली. रुमालांत कागद बांधणाऱ्या पेशवे दफ्तरातील कारकुनास ती खचितच परकी वाटली नसती.

परंतु खरी कसोटी होती ती नकलेची. ‘बॅकअप’ ही आज्ञा दिली की संगणक एकामागून एक फ्लॉपी मागत बसे, आणि एकीत ३६० किलोबाइटच मावत असल्यामुळे भरलेल्या डिस्कची नक्कल सुमारे २९ फ्लॉप्यांवर पसरे. त्या अनुक्रमांक घालून जपाव्या लागत. केवळ बदललेल्या फायलींची नक्कल घेण्याची मुभा त्या आज्ञेत होती, हे तिच्या कर्त्यांचे शहाणपण. तरीही बहुतेक गृहस्थ हे काम उद्यावर ढकलीत, असा माझा कयास आहे. डिस्क मात्र मिनिटास ३,६०० वेळा फिरतच राही.