टिन कटरच्या कुळात चांदा

टिन कटरचा इतिहास सांगणारा प्रत्येक जण एकाच गमतीपासून सुरुवात करतो: डबा आधी आला आणि तो उघडायचं हत्यार चार दशकांनी. गंमत खरी आहे. पीटर ड्युरांडनं 1810 मध्ये लंडनला पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं, डॉन्किन आणि हॉल यांनी 1813 च्या सुमारास इंग्लंडच्या आरमाराला डबे पुरवायला सुरुवात केली आणि ते उघडायचे छिन्नी-हातोडीनं. मग 1855 मध्ये इंग्लंडात रॉबर्ट येट्स, 1858 मध्ये अमेरिकेत एझ्रा वॉर्नर, 1870 मध्ये विल्यम लायमनचं चाक, 1925 मध्ये त्याला जोडलेलं दुसरं, दातेरी चाक. एवढ्यावर बहुतेकांची कथा संपते, आणि उरतो तो येट्स पहिला की वॉर्नर हा वाद.

माझ्या मते हा वादच फुकाचा. पत्रा जाड होता तोवर कोणाच्याही डोक्यात कितीही युक्त्या आल्या असत्या, तरी घरातल्या बाईमाणसाच्या मनगटाला त्या पेलल्या नसत्या. पत्रा पातळ झाला आणि हत्यार आपोआप सुचलं. चाकाचंही तसंच. लायमनचा कटर झाकणाच्या मध्यावर खिळा रोवून त्याभोवती फिरवावा लागे. डब्याच्या काठाला दुमडलेली पक्की कड आली, तेव्हा कुठे कडेखाली दाते रोवून चालणारं चाक शक्य झालं. म्हणजे टिन कटरची वंशावळ शोधायची तर पत्र्याची शोधावी. आणि आपल्याकडच्या पत्र्याची शोधत गेलं की माणूस थेट चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलात पोचतो!

हा धागा मला नागपूरच्या एम्प्रेस मिलविषयी वाचताना सापडला. 1877 मध्ये ती गिरणी सुरू करणारे जमशेटजी टाटा 1882 मध्ये एक अहवाल वाचतात. लेखक रिटर फॉन श्वार्ट्झ, विषय चांदा जिल्ह्यातलं लोखंड. लोहाऱ्याचा डोंगर उत्तम खनिजाचा आणि वरोऱ्याला कोळशाची खाण चालू. पोलादाचा कारखाना काढायचं जमशेटजींच्या मनानं घेतलं ते इथून. पण वरोऱ्याचा कोळसा परीक्षेत नापास झाला, सरकारच्या खाणकामाच्या अटी जाचक होत्या, आणि बेत सतरा वर्षं पडून राहिला. 1899 मध्ये नियम सैल झाल्यावर पुन्हा हालचाल. सी. एम. वेल्ड हा अमेरिकी तज्ज्ञ जमशेटजींचे पुत्र दोराबजी यांच्याबरोबर चांद्याचं रान तुडवत फिरला आणि त्याचा निष्कर्ष निराशेचा निघाला: खनिज चांगलं, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतकं नाही.

तेच सांगायला दोराबजी नागपूरला गेले. सरकारी अधिकाऱ्याची वाट पाहताना समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथल्या भूगर्भ नकाशात दुर्ग जिल्हा लोखंडाच्या खुणेनं गडद रंगवलेला त्यांना दिसला. पुढे भूगर्भशास्त्रज्ञ प्र. ना. बोस यांचं मयूरभंजच्या लोखंडाविषयीचं पत्र आलं, 1907 मध्ये कंपनी झाली, 1912 मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद ओतलं गेलं. त्याच्या शेजारी गोलमुरीला 1920 मध्ये टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया उभी राहिली. भागीदार बर्मा ऑइल, आणि पत्रा हवा होता तो घासलेटच्या डब्यांसाठी.

यावर कोणी म्हणेल, बोसांचं पत्र कसंही आलंच असतं. चांद्याचा यात काय संबंध? मला हे पटत नाही. पत्र यायला आधी लोखंड शोधणारा माणूस हवा, आणि जमशेटजींना तो नाद लावला चांद्यानं. चांद्याची चौकशी नसती तर दोराबजी त्या संग्रहालयासमोर ताटकळले नसते.

घासलेटच्या डब्यानंच आपल्याकडे टिन कटरची वाट अडवली, असं माझं म्हणणं आहे. अमेरिकेत डबा उघडला, खाल्लं, फेकला. चांद्याकडच्या झाडीपट्टीत तेलाचा पिपा आतल्या तेलाइतकाच मोलाचा. समोरासमोरच्या कोपऱ्यांत छिन्नीनं दोन भोकं पाडायची, एक तेलाला, एक हवेला. रिकामा झाला की वरचं तोंड नीट कापून, कडा आत ठोकून, आडवा लाकडी दांडा बसवला की पाणी भरायला तयार. त्यात धान्य राही, मोह राही. अगदीच गंजला तर उलगडून छपराला ठिगळ. अशा पिप्याचं तोंड वेडंवाकडं फाडणारं हत्यार कोण घरात घेईल? दुसरं मत असं की टिन कटर महाग होता म्हणून आला नाही. ते लंगडं आहे. ज्या घरात अडकित्ता होता, विळी होती, तिथे एवढंसं लोखंड जड नव्हतं. गोल डबे आले, दाट गोड दुधाचे, रसगुल्ल्यांचे, चीजचे, तेव्हाच टिन कटर स्वयंपाकघराच्या खिळ्यावर लटकला. हे डबे आधी फॉरेस्टच्या बंगल्यांतून आले असावेत, असा माझा अंदाज आहे.

हे कूळ कळलं की खरेदी सोपी होते. दोन चाकांचा कटर गोल कडेसाठी जन्मला. चौकोनी पिप्याच्या कोपऱ्यावर तो अडतो आणि दोष मात्र त्याला मिळतो. पिप्यासाठी येट्सच्या वंशातला, टोक खुपसून वर उचलायचा साधा नखवाला घ्यावा. त्यात मोडण्यासारखं काही नाही. चाकाचा घेणार असाल तर मिटून उजेडासमोर धरा: कापणारं चाक दातेरी चाकाच्या थोडं वर चढलेलं दिसलं पाहिजे, मध्ये फट नको. दोन्ही दांड्या आडव्या हलवून पाहा. रिव्हेट आजच खुळखुळत असेल तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत चाकं एकमेकांना सोडून देतील. चावी रुंद असावी, नाहीतर अंगठा सोलतो. आणि धुतल्यावर पुसून ठेवा, आपल्याकडच्या पावसात दात्यांना आधी गंज धरतो. पिवळ्या-लाल प्लॅस्टिकच्या मुठीला भुलू नका. दुकानदाराकडे एखादा डबा मागा, तिथेच चालवून पाहा. तो नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.