ब्रेकची उष्णता जाते कोठे?

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास म्हणून जे काही सांगितले जाते ते बहुधा इंजिनांचे चरित्र असते. कोणी किती अश्वशक्ती मिळविली, कोणी ताशी किती मैलांचा टप्पा ओलांडला, याच्या कथा आपण आवडीने ऐकतो. धावणारी गाडी थांबली कशी, हे मात्र कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारले नसते. परंतु काही वर्षांपूर्वी महाबळेश्वराहून पोलादपूरकडे उतरताना आमच्या एका स्नेह्यांनी गाडी वरच्या गिअरातच ठेवली आणि सारा उतार ब्रेकवर काढला. निम्म्या घाटात जळका वास सुटला, पेडल मऊ लागू लागले आणि एका वळणावर ते सरळ तळाला टेकले. हातब्रेक आणि खालचा गिअर यांच्या जोरावर गाडी डोंगराच्या अंगाला घासत एकदाची उभी राहिली. नवल पुढेच आहे. अर्ध्या तासाने त्याच पेडलला त्याच ब्रेकने चांगली साथ दिली! तुटले काहीच नव्हते. ब्रेकचे तेल उकळले होते, एवढेच.

ब्रेक गती नाहीशी करतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो गतीची उष्णता करतो. बाराशे किलो वजनाची साधी गाडी ताशी 180 किलोमीटरवरून 60 वर आणली, तर जी उष्णता निर्माण होते तिने सव्वाचार लिटर पाणी उकळीला येईल. आणि हे काम चार-पाच सेकंदांत उरकते. त्या क्षणापुरता ब्रेक हा गाडीच्या इंजिनाहून कितीतरी बलवान असतो. ही उष्णता धातूत साठते, धातूतून पॅडमध्ये आणि पॅडमधून तेलात उतरते. तेलाची वाफ झाली की संपले. तेल दाबले जात नाही म्हणून तर ते पायाचा जोर चाकापर्यंत नेते, वाफ मात्र दाबली जाते, आणि पाय पोकळीत गेल्यासारखा खाली जातो.

हा प्रश्न मोटारीहूनही जुना आहे. इंग्लंडात डर्बीशायरच्या टेकड्यांत घोडागाड्यांचे चालक उतारावर लाकडी ठोकळ्याला जुने बूट ठोकीत, ते पाहून हर्बर्ट फ्रूडला ब्रेकच्या अस्तराची कल्पना सुचली, अशी हकीकत सांगतात. 1897 साली त्याने सुरू केलेला धंदा पुढे फेरोडो या नावाने जगभर गेला. फ्रूडचे नावच उलटसुलट करून त्यात एक अक्षर घातले आहे, हे गॅरेजमध्ये लायनर मागणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? 1902 मध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने चकतीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. परंतु धातूवर धातू घासून निघणारी किंचाळी लोकांना सोसेना. त्याच साली लुई रेनॉने ड्रमचा ब्रेक पुढे आणला आणि पुढची पन्नास वर्षे राज्य केले ते ड्रमने.

ड्रममध्ये दोष होता तो त्याच्या घडणीतच. घर्षण होते ते बंद डब्याच्या आत. उष्णता बाहेर पडायची ती डब्याच्या जाडीतून. शिवाय तापलेला ड्रम फुगतो आणि आतल्या शूपासून दूर जातो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच पेडल अधिक खोल दाबावे लागते. ड्रमला बाहेरून फासळ्या काढल्या, ॲल्युमिनियम वापरले, आकार वाढविला. रोग मात्र आतला होता.

याचा निकाल लागला तो फ्रान्समधील ल मान्स येथे, 1953 च्या जूनमध्ये. चोवीस तासांची शर्यत, साडेतेरा किलोमीटरचा फेरा, त्यात मुल्सानचा सुमारे सहा किलोमीटरांचा सरळ रस्ता, आणि त्याच्या टोकाला एकदम उजवीकडचे काटकोनी वळण. ताशी 240 च्या घरातला वेग तेथे जवळजवळ सारा टाकून द्यावा लागे, तोही एकदा नव्हे, तीनशेवर वेळा. फेरारीचे सामर्थ्य मोठे, पण ब्रेक ड्रमचे. जॅग्वारने आपल्या ‘सी-टाइप’ गाड्यांना डनलॉपच्या चकत्या बसविल्या होत्या. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ती शर्यत ताशी सुमारे 170 किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. ताशी शंभर मैलांची सरासरी ल मान्सला त्या दिवशी प्रथमच ओलांडली गेली. जॅग्वारच्या दुसऱ्या दोन गाड्या दुसऱ्या आणि चौथ्या आल्या. चकतीची पकड ड्रमहून जबर होती, असा याचा अर्थ अनेक जण लावतात. आम्हांला तो तितकासा पटत नाही. पहिल्या फेरीत चांगला ड्रमही गाडी थांबवितो. चकतीचे वैशिष्ट्य हे की ती उघडी असते. वळणावर तापलेली चकती पुढच्या सरळ रस्त्यावर वारा खात निवत जाई आणि पुढच्या खेपेला पुन्हा तयार असे. त्या विजयात वाऱ्याचा वाटा मोठा होता.

दोनच वर्षांनी, 1955 मध्ये, मर्सिडीझने ड्रम कायम ठेवून चालकाच्या पाठीमागे उभे राहणारे एक मोठे झाकण बसविले. वाऱ्यालाच ब्रेक करावयाचा! युक्ती चालत होती. परंतु त्याच शर्यतीत त्यांची एक गाडी पुढच्या गाडीवर आदळून प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. चकतीची जॅग्वार पुढे एकाएकी मंदावली आणि मागच्या ड्रमवाल्यांना आवरता आले नाही, असे त्याचे सोपे स्पष्टीकरण दिले जाते. तिला चुकवायला बाजूला वळलेल्या ऑस्टिन-हीलीला चकत्याच होत्या, हे ते सांगणारे विसरतात.

त्याच साली सित्रोएनची ‘डीएस’ पुढच्या चाकांना चकत्या घेऊन पॅरिसला अवतरली आणि चकती घराघरांत पोहोचण्यास प्रारंभ झाला. 1966 मध्ये पोर्शच्या ‘911 एस’ला पोकळ चकत्या आल्या: दोन पत्र्यांमध्ये पाती ओतलेली, जणू पंखाच. फिरताना ती मध्यभागातून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे की, ल मान्सचा प्रश्न आता साध्या गृहस्थांपुढे उभा आहे. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगचा रस्ता 1927 पासून पैसे भरून कोणालाही आपली गाडी पळवू देतो. आपल्याकडेही 1990 मध्ये चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैचा मार्ग झाल्यापासून असे दिवस भरतात आणि मुंबई-पुण्याचे हौशी लोक तेथे जातात. ऑफिसला जाणारी गाडी तीच, ब्रेकही तेच. शहरात ते तापतात एकदा आणि निवतात दहा मिनिटे. तेथे निवायला पंधरा-वीस सेकंद मिळतात. पुढच्या दोन चकत्या मिळून चौदा किलोच्या धरल्या, तर वर सांगितलेल्या एका ब्रेकने त्या सुमारे 140 अंशांनी तापतात. निवणे अपुरे पडले की पाच-सहा वळणांत काय होईल, याचा हिशेब सोपा आहे.

येथे हौशी मंडळी भोके पाडलेल्या चकत्या विकत घेतात. दिसायला त्या शोभिवंत. पण भोकांपासून तडे जातात आणि उष्णता साठविणारा धातूही तेवढा कमी होतो. आमच्या मते आधी तेल बदलावे. साधे डॉट 3 तेल नवे असताना 205 अंशांना उकळते. हवेतील ओल शोषल्यावर 140 लाही उकळू शकते. मग उष्णता सोसणारे पॅड. आणि तिसरी गोष्ट वारा: पुढच्या बंपरमधून तीन इंची नळी काढून ती चकतीच्या मध्याशी आणावयाची. मध्याशीच, कारण पोकळ चकती हवा तेथूनच ओढते. नुसत्या एका बाजूवर झोत मारला तर ती बाजू थंड, दुसरी तप्त, आणि चकती वाकते. मागचे पत्र्याचे आवरण काहीजण काढूनच टाकतात. तेही बरे नव्हे. ते जवळच्या सांध्यांच्या रबराला धग लागू देत नाही. त्यात नळीपुरते भोक पाडावे, आणि चाक पूर्ण वळविल्यावर नळी घासत नाही हे पाहावे.

एवढे करूनही नळीतला वारा वाहतो तो गाडी धावत असतानाच. म्हणून शेवटची फेरी ब्रेकला शक्यतो पाय न लावता सावकाश काढावी. गाडी उभी केल्यावर हातब्रेक ओढू नये, तापलेल्या धातूवर पॅड चिकटतो. गाडी गिअरात ठेवावी आणि चाकाखाली दगड लावावा, आपल्या घाटांतले ट्रकवाले लावतात तसा.